निवडलेली डाळ

जे आता लिहिते आहे ते या घरात कुणालाही ठाऊक नाही. आईला नाही, अण्णांना नाही. प्रयोगशाळेत ज्यांच्या शेजारच्या टेबलावर मी रोज बसते त्यांनाही नाही. सुमित्राला — तिला किती ठाऊक आहे, हा प्रश्न मी पाच वर्षे स्वतःला विचारते आहे, आणि त्याचे उत्तर मिळवण्याचा एकही प्रयत्न मी केलेला नाही. तुम्ही मला ओळखत नाही; म्हणून तुमच्यापाशी बोलणे सोपे जाईल, असे वाटले होते. सोपे नाही.

शास्त्रीय निबंध लिहिताना मी निष्कर्ष आधी ठरवते आणि मग त्याच्याकडे जाणारी वाक्ये रचते. इथला निष्कर्ष तर केव्हाच ठरलेला आहे. तरीही वाक्य त्याच्याजवळ आले की बाजूला वळते. वळू दे. थोड्या वेळाने ते तिथेच येईल — त्याला जायला दुसरी जागा नाही.

आमचे घर बंगळूरच्या मल्लेश्वरममधले. पूर्वज कधीतरी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, फाटकाबाहेर कन्नड, आणि आईच्या तोंडी दोन्ही एकाच वाक्यात. या घरातली मी पहिली एम.एस्सी. आमच्या गोतातल्या आया आपल्या मुलींना अभ्यासाला बसवताना माझे नाव घेत — “ती बघ.” मला ते फार आवडत असे. खोटे कशाला बोलू? बघावे अशी आमच्यात मीच एक होते, सुमित्रा येईपर्यंत.

सुमित्रा धारवाडची. चीनशी युद्ध झाले त्याच्या पुढच्या वर्षी ती आमच्या प्रयोगशाळेत आली, आणि राहायला जागा नव्हती म्हणून आमच्याच घरी. अण्णांच्या ओळखीतून आलेली मुलगी. मागची खोली रिकामीच होती. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून मला अक्का म्हणू लागली. आठवड्याभरात आईच्या कोणत्या डब्यात काय आहे हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक झाले. संध्याकाळी मी घरी येऊन पुस्तक उघडायची, आणि स्वयंपाकघरातून दोघींचे हसणे ऐकू यायचे. मी कधी उठून गेले नाही. बोलावले असते तर गेले असते का? — त्यांनी बोलावले होते, अनेकदा. मी म्हणत असे, “काम आहे.”

तिच्या वडिलांनी तिला एका वर्षाची मुदत दिली होती. वर्षाच्या शेवटी संशोधनाची कायम जागा मिळाली तर राहावे. नाही मिळाली तर परत येऊन लग्नाला उभे राहावे. जागा एकच निघणार होती. ती मला हवी होती, आणि माझ्या मते ती माझीच होती. हे तिला माहीत होते. तरीही रोज सकाळी आम्ही एकाच बसने जात होतो, आणि ती माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवत असे.

कामाबद्दल थोडे सांगते, त्याशिवाय पुढचे कळणार नाही. उंदराला क्ष-किरणांचा मोठा मारा दिला की त्याच्या हाडांतला मगज मरतो. मगज मेला की रक्त तयार होत नाही, आणि काही दिवसांत उंदीरही मरतो. पण निरोगी उंदराच्या मांडीच्या हाडातला मगज काढून, मिठाच्या पाण्यात मिसळून, तो या मरणाऱ्या उंदराच्या शेपटीतल्या शिरेत सोडला, तर नव्या हाडांत तो रुजू शकतो. उंदीर जगू शकतो. बाहेरच्या देशांत हे साधले होते. आमच्याकडे साधत नव्हते. शेपटीची शीर दोऱ्यासारखी — सुई केसभर सरकली तरी सगळे वाया. आमच्या सरांनी हे काम आधी मला दिले होते. माझे उंदीर मेले. दुसऱ्या खेपेचेही मेले. तेव्हा सरांनी मला मज्जातंतूंचे काप करून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या कामाकडे वळवले, आणि मगजाचे काम सुमित्राला दिले.

तिचे उंदीर जगले.

ती वेगळे काय करत होती ते मी बारकाईने पाहिले. काहीही नाही. ती शेपटी कोमट पाण्यात बुडवायची आणि शीर फुगेपर्यंत वाट पाहायची. मीही बुडवत असे. मी वाट पाहत नसे. सरांनी सगळ्यांना बोलावून तिचा पिंजरा दाखवला आणि म्हणाले, “या मुलीचा हात बघा.” सगळ्यांनी बघितला. मीही बघितला — लहान, जाडसर बोटांचा, नखाशी हळद लागलेला हात. ती हळद आमच्या स्वयंपाकघरातली होती.

मत्सर म्हणजे काय हे मला तोवर शब्दार्थापुरतेच माहीत होते. तो आगीसारखा असतो असे म्हणतात; माझा तसा नव्हता. माझा थंड होता, नीटनेटका होता, आणि सतत मोजत होता. आईने तिच्या केसांना तेल लावले — मांडले. सर तिच्या टेबलाशी थांबले, माझ्या नाही — मांडले. ती मला न कळणारा एक प्रश्न विचारून गेली, आणि तो प्रश्न चांगला होता — हेही मांडले. बेरीज करून मी काय करणार होते? ठरवले नव्हते. पण जो माणूस इतक्या काळजीने बेरीज करतो, तो एखाद्या दिवशी ती वसूल करणारच, नाही का?

मग तिचे काही उंदीर खंगू लागले. ज्यांना परक्या जातीच्या उंदरांचा मगज दिला होता ते. अंगावरचे केस उभे, पाठीला पोक. भिजवलेल्या हरभऱ्याकडे बघेनात. असे होते हे आम्हाला वाचून ठाऊक होते, त्यावर उपाय नव्हता. सुमित्राला उपाय नाही हे वाक्यच कळत नसे. तिने घरून भाजलेले बेसन आणायला सुरुवात केली. दुधात कालवून, बोटाच्या टोकावर घेऊन, ती एकेकाला भरवत बसायची. आईला तर गंमत वाटत होती. सकाळी डबी भरून देताना म्हणायची, “काय गं सुमी, आज कोणाचं केळवण? स्वल्प तूप सोडू का?”

“नको काकू, लाडावतील. मग घरीच चला म्हणतील.”

“सरी, बरं. इथे आधीच काय कमी आहेत.”

त्या डबीतले बेसन आमच्या घरच्या डाळीचे होते. हरभऱ्याची डाळ कोपऱ्यावरच्या शेट्टींच्या दुकानातून यायची. रविवारी सकाळी ती निवडून, उन्हात टाकून, मग गिरणीत जायची. निवडायचे काम लहानपणापासून माझे. त्या महिन्याची डाळही मीच निवडली होती. हे लक्षात ठेवा. मी विसरू शकलेली नाही.

प्रयोगातल्या प्राण्यांना ठरलेल्या खाण्याशिवाय काही द्यायचे नाही, हा सरांचा पहिला नियम. सुमित्रा तो मोडत होती हे मला माहीत होते. मी सांगितले नाही. त्यावेळी मला वाटले, हा माझा चांगुलपणा आहे.

काही आठवड्यांनी एके दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. तिच्या हातात एक उंदीर होता — खंगलेल्यांपैकीच, पण थोडा सावरलेला. तिने तो टेबलावर सोडला. तो पुढच्या पायांनी चालला. मागचे दोन त्याच्या मागून ओढत आले.

“अक्का, हे बघ. चौथा आहे. हे मगजाचं नाही वाटत मला. नसांचं काहीतरी आहे. तू बघशील?”

नसांचे काम माझे होते. ती दुसऱ्या कुणाकडे गेली नाही, थेट सरांकडेही गेली नाही. माझ्याकडे आली.

मी त्या उंदराला क्लोरोफॉर्म देऊन मांडीतला मज्जातंतू काढला, आणि पुढच्या काही दिवसांत काप केले, रंगवले. ऑस्मिक आम्लाने तंतूंभोवतीचे स्निग्ध आवरण काळे होते. निरोगी मज्जातंतूचा आडवा काप म्हणजे एकमेकांना लागून असलेली असंख्य काळी कडी. मी असे काप शेकड्यांनी पाहिले होते. डोळे मिटूनही ती कडी मला दिसत. त्या दिवशी मी डोळा लावला आणि कडी तुटलेली होती. काही फिकी, काही विरघळल्यासारखी, काहींच्या जागी नुसता धूसर डाग. आणि तंतूंच्या मध्ये, बारीक रक्तवाहिन्यांभोवती, लहान गोल पेशी जमलेल्या — जिथे त्यांचे काहीही काम नव्हते तिथे.

मला किती वेळात कळले? लगेच. या पेशी पाहुण्यांच्या होत्या. ज्या परक्या मगजाने उंदराला जगवले होते, त्याच मगजातून निपजलेल्या पेशी आता त्या उंदराच्या मज्जातंतूंना परके समजून त्यांच्यावर चालून जात असाव्यात. निदान तसे मानायला सबळ कारण होते. हे मी कुठे वाचलेले नव्हते. आमच्यापैकी कुणीच वाचलेले नव्हते. त्या खुर्चीवर बसून मला समोर एक नवी गोष्ट दिसत होती, आणि ती सुमित्राची होती.

ती माझी असती तर — हा विचार आला. आणि त्याच्या पाठोपाठ, मी काहीही न ठरवता, दुसरा विचार आला. तो किती तयार होता याचेच मला आजही आश्चर्य वाटते.

लाखेची डाळ तुम्हाला माहीत असेल. मध्य भारतात दुष्काळात गोरगरीब ती खातात. महिनोन्‌महिने खाल्ली की पाय लुळे पडतात. दिसायला ती तुरीच्या, हरभऱ्याच्या डाळीसारखी. म्हणून भेसळीला सोयीची, आणि बेसनात तर ओळखूही येत नाही. सुमित्रा पाणी भरून परत आली तेव्हा मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला होता. मी म्हणाले —

“मज्जातंतूत विशेष काही नाही. तू यांना बेसन घालतेस ना? त्यात लाख असणार.”

हेच ते. एवढेच. तीन वाक्यांत दोन असत्ये. पहिले डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीविषयी, दुसरे स्वतःच्या हातांनी निवडलेल्या गोष्टीविषयी.

तिचा चेहरा उतरला. ती पिंजऱ्यांपाशी जाऊन आली. मग हळूच म्हणाली, “पण अक्का, दुसऱ्या पिंजऱ्यातले, ज्यांना आपल्याच जातीचा मगज दिलाय, तेही खातात नं बेसन? ते तर पळतायत.”

प्रश्न अगदी बरोबर होता. याच एका प्रश्नाने माझे म्हणणे कोसळत होते. मी विचारले, “दोन्हीकडे सारखंच घालतेस? मोजून?”

ती मोजत नव्हती. बोटावर घेऊन भरवत होती. जो जास्त अशक्त त्याला जास्त. तिच्या मायेत एक पद्धतीची चूक होती, आणि ती मला नेमकी कुठे आहे ते ठाऊक होते. मी असत्याला शास्त्राचा पोशाख घातला, आणि तो त्याला अगदी मापात बसला.

काचपट्टीचे काय केले, तेही सांगायला हवे. तेव्हा काचा बाहेरून येत आणि महाग पडत. म्हणून कामाच्या नसलेल्या काचपट्ट्या आम्ही क्रोमिक आम्लाच्या बरणीत टाकून, धुऊन, पुन्हा वापरत असू. बरणी माझ्याच टेबलाखाली होती, नारिंगी रंगाची. त्या उंदराच्या सगळ्या काचा मी तीत सोडल्या. कुणी पाहिले असते तरी कुणाला काही वाटले नसते. तो आमचा नेहमीचा रिवाज होता. पुढे माझ्या ज्या कापांची सगळ्यांनी वाखाणणी केली, ते याच बरणीतून निघालेल्या काचांवर होते. त्यांतली कोणती काच ती, हे सांगता येणे शक्य नाही. धुतलेल्या काचेत काहीही उरत नाही. मी स्वतः तपासून घेतले आहे.

सुमित्रा त्याच दिवशी सरांकडे गेली. मी तिला जायला सांगितले नव्हते. ती आपण होऊन गेली आणि सगळे सांगितले. सरांचा आवाज बाहेरपर्यंत आला. मलाही बोलावण्यात आले, मज्जातंतूंविषयी विचारायला. मी म्हणाले की विशेष काही आढळले नाही. दुसऱ्यांदा म्हणणे पहिल्यापेक्षा सोपे असते. मग सरांनी तिला विचारले, “बेसन कुठून आणलंस?”

तिने एकदा माझ्याकडे पाहिले. “बाजारातून,” ती म्हणाली. “सुटं घेतलं होतं.”

ती खोटे बोलली. माझ्या आईच्या डब्याचे नाव येऊ नये म्हणून. तिने घरचे नाव घेतले असते तर सरांनी मला विचारले असते, आणि मला सांगावे लागले असते की ती डाळ निवडणारी मीच. मी सांगितले असते का? मला वाटते — नाही. पण तिने मला नाही म्हणण्याची वेळही येऊ दिली नाही. आणि ते पाहणे — त्यात प्रश्न होता की काळजी? मी पाच वर्षे त्या एका नजरेचे काप करते आहे.

सरांनी सगळा प्रयोग रद्द केला. उंदीर मारावे लागले. ते काम तिचेच होते. तिने ते केले, क्लोरोफॉर्मचा बोळा घालून, एकेकाला हातात धरून. मी मदतीला उभी राहिले नाही. काम आहे म्हणाले.

वर्षाअखेरीला जागा मला मिळाली. धारवाडच्या गाडीवर आम्ही सगळे तिला पोचवायला गेलो. आई रडली. गाडी सुटण्याआधी सुमित्राने आईला जरा बाजूला घेतले. मला वाटले — आता. आता सांगते आहे. परतताना टांग्यात आईने सांगितले, “गुणाची पोर. म्हणाली, काकू, रागावू नका, पण शेट्टींकडची डाळ घेऊ नका. त्यात लाख असते. तुम्हा सगळ्यांचे पाय जातील. जाताना एवढंच मागितलं बघ तिनं.”

म्हणजे तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. आणि त्या नजरेत संशय असलाच तर तोही तिने आमच्या पायांवरून ओवाळून टाकला. याहून वाईट काही होऊ शकले असते का? तिने माझे नाव घेतले असते तर मी ते नाकारले असते, आणि आयुष्यभर तिचा राग करायला मला कारण मिळाले असते. तिने तेही ठेवले नाही.

ती आता धारवाडला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. लग्न झाले. आई अधूनमधून तिची खबर काढते आणि मला जेवताना सांगते. मी ताटाकडे बघत ऐकते.

आणि मी? मी अजून प्रयोगशाळेत आहे. नावापुढे डॉक्टर लागले आहे. तुम्ही म्हणाल, जागा मिळाली, साधने होती, मग तोच प्रयोग पुन्हा का केला नाही? बेसनाशिवाय, मोजून-मापून, निर्दोष? करता आला असता. कोणत्याही हंगामात. पण उंदरांचे पाय पुन्हा गेले असते तर? ते जातील याची मला खात्री होती. म्हणून केला नाही. पहिला अपराध एका दुपारचा होता. हा रोज सकाळी बसमधून उतरताना मी नव्याने करत आले आहे.

परदेशांत आता माणसांना दुसऱ्याच्या हाडांतला मगज देऊ लागले आहेत, असे वाचते. कुणी मूल वाचले की वर्तमानपत्रात चार ओळी येतात. त्या ओळी वाचताना मी त्या मुलाच्या पायांचा विचार करते. काही आठवड्यांनी ते जिना चढताना अडखळले, तर जवळची माणसे काय समजतील? अशक्तपणा, म्हणतील. खाण्यात काही आले असेल, म्हणतील. आणि मज्जातंतू तपासून बघा असे ज्यांनी वेळेवर सांगायचे, त्यांच्यातली एक इथे बंगळूरला काचा धुऊन बसली आहे. पाहिलेले सांगावे तर पुरावा कुठे आहे? तो मीच बरणीत टाकला.

आईने शेट्टींचे दुकान तेव्हाच सोडले. पंधरा वर्षांचे गिऱ्हाईक का तुटले हे त्यांना कधी कळले नाही. वाटेत भेटले की ते अजून कन्नडमध्ये विचारतात, अम्मा, आमचे काही चुकले का? आई हसून पुढे जाते. भेसळीचे नाव तोंडावर घ्यायचा तिचा स्वभाव नाही. डाळीसाठी ती आता दूरच्या बाजारात जाते. हल्ली तिचे गुडघे दुखतात. चढावर पिशवी खाली ठेवते, गुडघ्यावर हात टेकून जरा थांबते, पण दुकान बदलत नाही. सुमीने सांगितले होते.

रविवारी सकाळी ती माझ्यापुढे सूप ठेवते. डाळ निवडायचे काम अजून माझेच आहे. खिडकीपाशी उजेड चांगला येतो. मी दाणे बोटाने पसरत जाते. आई आतून विचारते, “नीट बघ गं. लाखेचा एक जरी निघाला तरी सांग.”

मी बघते.

“नाही, आई. काही नाही.”

हे खरे असते. तेव्हाही खरे होते.